गोव्याची भाची

मंगळवारी सकाळी अकरा वाजता एक हवालदार आमच्या दारात आला. त्याने हातातल्या कागदावरचं नाव वाचलं आणि ही इथे राहते का, असं विचारलं. मी नाही म्हणाले. शारदा तेव्हा पोटमाळ्यावर होती.

एवढं चार वाक्यांत सांगता येतं, हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. मागच्या महिन्यात तिच्या मुलाचं पत्र आलं. त्याने इंग्रजीत लिहिलं होतं की आई गेली, तिच्या कपाटात तुमची पत्रं सापडली, ती मराठीत आहेत आणि आमच्या घरात ती कोणालाच वाचता येत नाहीत, तर परत पाठवू का. त्याला उत्तर लिहायला मी बसले आणि दुसरंच काही लिहायला लागले. ते हे.

आमची खोली चिंचपोकळी स्टेशनपासून पाच मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून तिसरी. आत आलं की डाव्या हाताला मोरी, समोर ओटा, त्यावर रॉकेलचा स्टोव्ह, आणि उजवीकडे भिंतीला टेकलेली लाकडी शिडी. शिडीने वर गेलं की पोटमाळा. तिथे उभं राहता येत नसे. बसलं की डोकं आणि छत यांच्यात चार बोटं उरत. ही खोली आजोबांनी पागडी देऊन घेतलेली. आजोबा वारले तरी भाडेपावती त्यांच्याच नावाने येत राहिली, म्हणजे कागदोपत्री आमच्या घरात एक मेलेला माणूस राहत होता आणि आम्ही त्याच्या आधाराने होतो. पागडीच्या घरात वाढलेल्या मुलांना एक गोष्ट न शिकवता कळे. पोटभाडेकरू ठेवलेला सापडला की मालक कोर्टात जातो, आणि खोली जाते. आमच्याच चाळीत तळमजल्यावरचं एक कुटुंब असं गेलं होतं. त्यांचा पलंग दोन दिवस चौकात उभा करून ठेवलेला मी पाहिला होता. मुलं त्याच्याभोवती लपाछपी खेळत होती.

गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटून गेलं होतं. बाबा साचाखात्यात होते, मागावर. भोंगा बंद झाला तरी त्यांना पहिल्या पाळीच्या वेळेला जाग येई. ते आंघोळ करून, भांग पाडून, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावून गॅलरीत खुर्ची टाकून बसत. आई कॉटन ग्रीनच्या एका गोदामात धान्य निवडायला जाऊ लागली होती. संध्याकाळी तिच्या केसांत कोंडा असे, आणि तो झटकायचंही तिच्या लक्षात येत नसे. जेवायला पेज, वर भाजलेला सुका जवळा, कधी कुळथाची पिठी. संपाआधी आमच्या घरात बोलण्याचा फार आवाज असे, कारण मागाच्या खडखडाटात काम करणारी माणसं घरीही मोठ्यानेच बोलतात. त्या वर्षात बाबांचा आवाज खाली आला. ते हळू बोलायला लागले याचीच मला पहिली भीती वाटली.

शारदा मला कॉलेजच्या वाचनालयात भेटली. मी पहिल्या वर्षाला, ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. एका जाड शब्दकोशासमोर बसून ती प्रत्येक शब्द ओठांनी उच्चारून बघत होती. मला म्हणाली, "उंबरा म्हणजे दाराखालचं लाकूड, असं इथे लिहिलं आहे. दाराखाली लाकूड कशाला लागतं?" मी काहीतरी सांगितलं, ते तिने वहीत लिहून घेतलं. ती मॉरिशसची होती. तिचे खापरपणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यांवर कामाला गेले, तेव्हा जहाजावर चढवताना त्यांचं नुसतं नाव लिहून घेतलं होतं, रावजी. तेच पुढे घराण्याचं आडनाव झालं. तिच्या घरी गणपती बसत, आरत्या पाठ होत्या, पण बोलणं सगळं त्या बेटावरच्या भाषेत. मराठी शिकायची, परत जायचं आणि गावच्या शाळेत ती शिकवायची, एवढ्यासाठी तिला इकडे पाठवलेलं होतं. पारपत्रावर ती परदेशी होती. चेहऱ्याने लालबागच्या बाजारात कोथिंबिरीचा भाव करणारी कुठलीही मुलगी.

वसतिगृहात तिला एकच वर्ष राहता येणार होतं. मग ती जागा शोधू लागली आणि सुट्टीच्या दिवशी मीही तिच्याबरोबर हिंडू लागले. गिरगावात एका घरी आम्हाला चहा मिळाला, लाडू मिळाला, आणि पारपत्र पाहिल्यावर यजमान म्हणाले, "तुम्ही चांगल्या घरच्या दिसता हो, पण परदेशी माणूस ठेवायचा म्हणजे पोलिसांत कळवायला लागतं. आमच्या दारात आजवर पोलीस आलेला नाही." दादरला एका बाईंनी दारातूनच विचारलं, मासे खाता का. शारदा हो म्हणाली. परळला मासे चालत होते, पण एकटी मुलगी चालत नव्हती. तिथला जिना उतरताना ती म्हणाली, "सुमा, आमच्या खापरपणजोबांना कोणी विचारलं नाही मासे खाता का. नुसतं जहाजात चढवलं." आणि ती हसली. मला हसू आलं नाही. मी मनात आमचा पोटमाळा मोजत होते.

म्हणजे तिला घरी आणायची कल्पना माझी. ती देणार होती त्या पैशांची घराला गरज होती हे खरं, पण मी ते कारण पुढे केलं आणि खरं कारण मागे ठेवलं. आमच्या घरात पुस्तकाबद्दल बोलायला कोणी नव्हतं. बाबांनी ऐकून घेतलं. दोन दिवसांनी म्हणाले, "लोकाची पोरगी परक्या मुलखात रस्त्यावर राहिली तर ते बरं दिसत नाही."

आई म्हणाली, "आणि आमी रस्त्यार इलव तर ता बरा दिसतला?"

पण तोडगाही आईनेच काढला. शारदाला तिच्या मावसबहिणीची मुलगी म्हणून सांगायचं. गाव गोव्यात. अर्धी चाळ कोकणातल्या आमच्याच तालुक्यातली. जवळचं गाव सांगितलं असतं तर तिसऱ्या प्रश्नाला खोटं उघडं पडलं असतं. गोवा पुरेसं लांब होतं, आणि तिची अडखळती मराठी त्यात खपून गेली असती. "माका मावशी म्हणायचा," आईने तिला बजावलं. "आणि कोणी गोव्याबद्दल विचारल्यान तर खोकला काढायचो." शारदाने तेही वहीत लिहून घेतलं.

ती आली आणि आमच्या घरात नियम आले. मालकाचा भाडं गोळा करणारा माणूस होता, त्याला सगळे मेहताजी म्हणत. त्याच्या हातात बारा महिने छत्री असे आणि तिचं लोखंडी टोक तो जिन्याच्या प्रत्येक पायरीवर टेकवत येई. संप सुरू झाल्यापासून तो भाड्याशिवायही येऊ लागला होता. कोण गावी गेलं, कोणाच्या खोलीला कुलूप आहे, हे बघत फिरे. तो माणसं मोजत नसे, दाराबाहेरच्या चपला मोजत असे. म्हणून शारदाची पादत्राणं पिशवीत घालून पोटमाळ्यावर जात. तिचे कपडे गॅलरीत वाळत न घालता आत, मोरीवरच्या दोरीवर. छत्रीचा आवाज आला की तिने वर जायचं, आणि वर असेल तर हलायचं नाही, कारण पोटमाळ्याची तिसरी फळी करकरत असे. आम्ही खाली जेवत असलो आणि ती फळी करकरली, की तिघांचे हात ताटात थांबत. भाची आहे म्हणून सांगायचं आणि वर तिला लपवायचं, या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, हे मला आज दिसतं. तेव्हा दिसत नव्हतं. भ्यालेलं घर सापडेल तो कोपरा धरतं.

आणखी एक नियम चाळीचा होता. संपाच्या दिवसांत पोलीस माणसं शोधत येत. ते फाटकातून आत शिरले की चौकातल्या नळावर जी कोणी बाई असेल ती रिकामी कळशी दगडावर दोनदा आपटे. मग चाळीला काहीही विचारा, कोणाला काही माहीत नसे. बाबांनी मला सांगून ठेवलं होतं, "पोलिसाने नाव विचारलं तर नाही म्हणायचं. समोर उभं असलेलं माणूस दाखवून विचारलं, तरी नाही."

या सगळ्यात ते दिवस सुखाचेही होते, हे लिहिताना संकोच वाटतो. शारदा पोटमाळ्यावर पालथी पडून वाचे आणि अडलेले शब्द वरून खाली टाके. मी पोळ्या लाटत अर्थ सांगे. बाबा गॅलरीतून कान देत, आणि एखादा शब्द मलाही आला नाही तर दारात येऊन सांगून परत खुर्चीत जाऊन बसत. एके दुपारी तिने आईला तिच्या घरची पोळी करून दाखवली. हरभऱ्याची डाळ शिजवून, जिरं आणि हळद घालून, कोरडी वाटून भरलेली. मऊसूत आणि तिखटमिठाची. आईने एक घास खाल्ला, विचार केला आणि म्हणाली, "ही पुरणपोळीच गो. गूळ घालूक इसारल्यासारखी." शेजारच्या तावडेकाकूंना दोन पोळ्या गेल्या. काकूंच्या घरातली प्रत्येक गोष्ट चाळीला ऐकू जाई आणि चाळीतली प्रत्येक गोष्ट त्यांना. त्या ताट परत करायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "गोव्यात अशी पोळी करतात? माका नव्हता म्हायत." शारदा खोकली. काकू तिच्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "खोकल्यावर आल्याचा रस घे गो."

जागा बदलली की परदेशी माणसाने नवा पत्ता पोलिसांच्या नोंदणी कचेरीत जाऊन कळवायचा असतो. शारदाने तो कळवला होता. मला तिने तसं सांगितलं होतं, रस्त्याने चालता चालता, अगदी सहज, लायब्ररीची पुस्तकं परत केली असं सांगावं तसं. कागदावर तिने खरं तेच लिहिलं होतं. खोली क्रमांक, बाबांचं नाव, आणि भाड्याने राहते. तपासायला कोणी येईल हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. गिरगावातल्या त्या यजमानांचं वाक्य मला पाठ होतं. मी घरी बोलले नाही. रोज सकाळी आज सांगू असं ठरवायची, आणि बाबांची लावलेली वरची गुंडी बघितली की उद्यावर टाकायची.

त्या मंगळवारी आई गोदामात होती आणि बाबा सभेला गेले होते. मी ओट्यापाशी कुळीथ निवडत होते. नळावर कळशी आपटली. एकदा, आणि पुन्हा एकदा. गॅलरीतली बोलणी तुटली. पोटमाळ्यावर शारदा परीक्षेचं वाचत होती. तिने पान उलटायचंही थांबवलं. जिन्यावर दोन आवाज आले. एक बुटांचा. दुसरा छत्रीच्या टोकाचा. ते पहिल्या मजल्यावर थांबतील असं मला वाटलं, कारण तिथे संपातल्या एका पुढाऱ्याचा भाऊ राहत असे. ते थांबले नाहीत. माझ्या हातातले कुळीथ ताटलीत पडले तेव्हा त्यांचा केवढा तरी आवाज झाला.

हवालदार पन्नाशीचा होता, घामाने भिजलेला. त्याने टोपी काखेत धरली आणि कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला. "रावजी शारदा. मॉरिशस. हाच पत्ता आहे. ही इथे राहते का?"

त्याच्या खांद्यामागे मेहताजी उभा होता. खोली कुठली ते दाखवायला तोच त्याला वर घेऊन आला होता. "मॉरिशस?" तो म्हणाला. "अपने चाळ में?" आणि त्याची नजर खाली चपलांवर गेली.

हवालदार कशाला आला आहे हे मला नाव ऐकताच कळलं होतं. पुढे आयुष्यभर मी स्वतःला सांगत आले की मी घाबरले, चाळीची सवय, बाबांची शिकवण. ते सगळं होतं. पण मला कळलं होतं. हो म्हटलं तर खोली जाईल आणि नाही म्हटलं तर शारदाचं काहीतरी होईल, हे दोन्ही त्या एका क्षणात माझ्यासमोर उभं होतं. त्यातलं एक मला चौकातल्या त्या पलंगासारखं स्वच्छ दिसत होतं, आणि दुसरं धूसर होतं.

"नाही," मी म्हणाले. "अशी कोणी राहत नाही."

"घरात कोण कोण असतं?"

"आई, बाबा आणि मी."

"और वो गोवावाली?" मेहताजीने विचारलं.

"ती गेली. गावी गेली."

मेहताजीने मान वळवली. गॅलरीच्या कठड्यावर शारदाचे कॅनव्हासचे बूट होते. सकाळी तिने ते धुतले होते, आणि ऊन चांगलं आहे म्हणून मीच बाहेर ठेवले होते. "ये जूता किसका?"

शेजारच्या दारातून तावडेकाकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "माझ्या दिनेशचे. का? चाळीत आता बूट पण धुवायचे नाहीत?"

"दिनेश का पाँव इतना छोटा?"

"मेहताजी, तुम्ही भाडं घ्यायला येता की लोकांचे पाय बघायला?"

दोनतीन दारांतून हसणं आलं. हवालदारही ओशाळं हसला. त्याने काकूंना विचारलं, "बाई, तुम्ही शेजारच्या. कोणी परदेशी मुलगी इथे राहते का?"

"परदेशी? अहो हवालदारसाहेब, नळाला पाणी नाही, गिरणीला भोंगा नाही, आणि इथे परदेशातून कोण येतंय राहायला? आमचीच माणसं गावाक पळाली."

त्याने आणखी दोन दारांशी विचारलं. दोन्हीकडे नाही. मग आमच्या दारात परत येऊन त्याने कठड्यावर कागद टेकवून काही लिहिलं आणि पाणी मागितलं. मी तांब्या आणि पेला दिला. पाणी पिताना त्याची मान वर झाली आणि नजर शिडीवर थांबली.

"वर काय आहे?"

"अडगळ."

त्याने पेला माझ्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही. हळू आवाजात म्हणाला, "पोरी, हे कागद पुढे जातात हं. मागे येत नाहीत." तो थांबला. त्याने मला वेळ दिला, असं आज मला वाटतं. मेहताजी दोन हात अंतरावर उभा होता, छत्रीचं टोक फरशीवर गोल फिरवत. मी पेला ओढून घेतला.

ते गेल्यावर शारदा बराच वेळ खाली आली नाही. मी शिडीखाली उभी राहून तिला हाक मारली. ती वरूनच म्हणाली, "सुमा, त्याने माझं नाव घेतलं." मी हो म्हणाले. मग तिने विचारलं, "अडगळ म्हणजे काय?" मी पेला विसळायला मोरीत गेले. थोड्या वेळाने वर शब्दकोशाची पानं उलटल्याचा आवाज आला.

दहा दिवसांनी तिला कॉलेजात कागद मिळाला. दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, खोटा पत्ता दिला, हजर राहून खुलासा करावा, नाही तर देश सोडावा. तेव्हा कुठे मी घरात सगळं सांगितलं. आई भिंतीला टेकून खाली बसली. मला वाटलं ती ओरडेल. ती फक्त म्हणाली, "खोली गेली तर खंय जातलव?" हा प्रश्न तिने कोणालाच विचारला नव्हता. ती शिडीकडे बघत होती. बाबांनी ट्रंकेतून भाडेपावत्यांची पिशवी काढली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि म्हणाले, "मी जातो तिच्याबरोबर. लेखी देतो."

बाबा, शारदा आणि मी त्या कचेरीत गेलो. लांब बाक होता, वर पंखा, आणि शेजारी एक गोरा म्हातारा आपलं पारपत्र छातीशी धरून झोपला होता. आमचा नंबर लागायला दुपार झाली. टेबलामागचे अधिकारी शांत गृहस्थ होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बाबांना विचारलं, "ही तुमची कोण?"

"भाची," बाबा म्हणाले.

इतके महिने जो शब्द आम्ही घोकला तोच त्यांच्या तोंडातून बाहेर पडला. अधिकाऱ्यांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. "काका, हिने स्वतःच्या हाताने लिहिलंय, भाड्याने राहते. हवालदाराने लिहिलंय, राहत नाही. तुम्ही म्हणता भाची. मी कोणाचं धरू?" मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, सोपं आहे. ही माझ्याकडे भाड्याने राहते असं लेखी द्या, भाडेपावतीची नक्कल लावा. मालकाला आम्ही एक पत्र पाठवू. तो हो म्हणाला की मिटलं."

मालकाला एक पत्र. बाबांनी पेन घेतलं. धावत्या मागावर तुटलेला धागा ते न बघता सांधत, असं त्यांच्या खात्यातली माणसं सांगत. त्या बोटांत पेन होतं आणि ते कागदावर टेकून राहिलं होतं. त्यांनी 'मी' एवढं लिहिलं. पुढे नाव लिहायचं होतं. पावतीवरचं नाव त्यांचं नव्हतं. पंखा फिरत होता, कागदाची कड वर उचलली जात होती, आणि बाबा ती कड अंगठ्याने पुन्हा पुन्हा दाबत होते. त्यांच्या मानेवरून घाम कॉलरच्या आत गेलेला मला दिसला. मी काहीतरी बोलायला हवं होतं. हवालदाराला नाही मी म्हणाले होते, मीच सांगायला हवं होतं की मी खोटं बोलले.

शारदाने हात पुढे केला आणि बाबांच्या अंगठ्याखालून कागद काढून घेतला. "साहेब," ती म्हणाली, "मी यांच्याकडे राहत नाही. पत्ता मी चुकून दिला."

"मग कुठे राहता?"

"कुठेच नाही. मी परत जाते आहे."

ती एकदाही अडखळली नाही. अधिकाऱ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान वर केली नाही. मग अधिकाऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर आणला आणि लिहायला घेतलं.

जायच्या दिवशी आईने पहाटेपासून डाळ शिजवून त्या मीठ-हळदीच्या पोळ्या केल्या आणि फडक्यात बांधून दिल्या. शारदाने त्यातली एक तिथेच तोडून खाल्ली आणि बरोबर झाली आहे म्हणाली. बाबा तिची पेटी घेऊन आधीच खाली जाऊन उभे होते. गॅलरीत बायका जमल्या. तावडेकाकूंनी तिच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली आणि म्हणाल्या, "गो भाची, गोव्याक पोचलंस की पत्र घाल. मॉरिशसवरून घातलंस तरी चालात." सगळ्या हसल्या. शारदाही हसली, वाकून त्यांच्या पाया पडली आणि गेली.

मी कठड्याला धरून उभी होते. "काकू, तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या पोळीपासून."

"मग त्या दिवशी हवालदाराला सांगितलं का नाही? तो तिचाच पत्ता बघायला आला होता."

त्यांना खरंच समजत नव्हतं मी काय विचारते आहे. "अगो, तूच नाय म्हटलंस," त्या म्हणाल्या. "आमी काय तुका खोटी पाडूची होती?"

शारदाची पत्रं येत राहिली. शाळेत मराठी शिकवायला परीक्षा पुरी झालेली लागत होती. ती अपुरीच राहिली. तिच्या गावाजवळ स्वेटरांचा नवा कारखाना निघाला होता, तिथे ती मशीनवर बसू लागली. एका पत्रात लिहिलं होतं, इथे सकाळी भोंगा वाजतो, काकांना सांग. मी बाबांना ते वाचून दाखवलं नाही. पुढे तिच्या पत्रांतले शब्द कमी होत गेले, मग ती इंग्रजीत लिहू लागली, मग वर्षाला एक कार्ड. मी मराठीतच लिहीत राहिले. त्या मंगळवारबद्दल तिने कधी विचारलं नाही आणि मी कधी लिहिलं नाही. तिच्या कपाटात सापडलेल्या त्या पत्रांत हवापाणी आहे, आईचे गुडघे आहेत, गणपतीची सजावट आहे.

संप संपला असं कोणी आम्हाला येऊन सांगितलं नाही. बाबांनी दादरच्या एका इमारतीत रखवालदारी धरली आणि शेवटपर्यंत वरची गुंडी लावत राहिले. आई त्यांच्यानंतर पुष्कळ वर्षांनी गेली. मेहताजी गेला, मालक बदलला. गिरणीच्या जागी काचेची इमारत उभी आहे; संध्याकाळी तिचा उजेड आमच्या गॅलरीत येतो. चाळीला लोखंडी टेकू दिले आहेत. गेल्या पावसाळ्यानंतर पुनर्विकासाच्या पाहणीसाठी एक तरुण मुलगा यादी घेऊन दारात आला आणि त्याने विचारलं, आजी, इथे कोण कोण राहतं? त्याच्या पायांत बूट होते आणि जिन्यावर ते वाजले होते, म्हणून मला उत्तर द्यायला जरा वेळ लागला.

शारदाच्या मुलाला मी काल लिहिलं, पत्रं पाठव. खोली आहे. शिडी आहे. भाडेपावती माझ्या नावावर आहे, आणि खोलीत मी एकटी राहते.